फाइल नंतर, आधी ड्यूटी लिस्ट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जिल्ह्याच्या ठिकाणी एका ट्रस्टच्या १२० खाटांच्या रुग्णालयात मी मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख आहे. दहा आठवड्यांनी एनएबीएचची (रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या मंडळाची) तपासणी आहे. मेल मेडिकल वॉर्डात ३० खाटा, सरासरी २४ पेशंट आणि १३ सिस्टर. व्यवस्थापन म्हणतं, ‘सहा पेशंटमागे एक, म्हणजे पाळीला चार, तीन पाळ्यांच्या १२. तुमच्याकडे तर एक जास्तच आहे.’ प्रत्यक्षात नाइटला दोघीच असतात. गेल्या महिन्यात पहाटे पावणेचारला सत्तरीचे एक आजोबा संडासला जाताना पडले, खुब्याचं हाड मोडलं. एक सिस्टर दुसऱ्या पेशंटला आयसीयूत पोचवायला गेली होती, वॉर्डात दुसरी एकटीच होती. त्या एकटीला निलंबित केलंय आणि ‘सिस्टरचा निष्काळजीपणा’ असं लिहिलेल्या अहवालावर माझी सही मागतायत. शिवाय बाहेरून आणलेले सल्लागार सांगतात की मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं भरून काढा, घटनांच्या रकान्यात शून्य लिहा. सही करू की राजीनामा देऊ? आणि माणसंच नसताना हे क्वालिटीचं काम करायचं तरी कसं?

ताई, सहीचं आधी बोलू, कारण बाकीचं थांबू शकतं, ते थांबणार नाही.

त्या वाक्याखाली सही करू नका. पण कागद परत ढकलूनही देऊ नका. तसं केलंत तर विषय आजोबांवरून तुमच्या वागणुकीवर जाईल. ‘मला माझं निवेदन जोडायचं आहे’ एवढं लेखी द्या आणि एका पानावर त्या रात्रीची घटना वेळेनुसार मांडा. वॉर्डात पेशंट किती, ऑक्सिजनवर किती, रात्री किती ॲडमिशन आल्या. पहिली सिस्टर आयसीयूकडे किती वाजता निघाली, किती वाजता परतली, तिच्यासोबत वॉर्डबॉय होता की ट्रॉली तिनेच ढकलली. आजोबांना शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं. पलंग किती उंच होता, बेल हाताला लागत होती का, संडासाकडचा दिवा चालू होता का. ॲडमिशनच्या वेळी पडण्याच्या धोक्याची तपासणी केली होती का, आणि केली असेल तर तिच्यावरून पुढे काही झालं का. विशेषणं नकोत, ‘बिचारी’ नको, ‘दुर्दैवाने’ नको. नुसत्या वेळा आणि आकडे.

मग एक प्रश्न विचारा. तेवढंच शिक्षण आणि तेवढाच अनुभव असलेली दुसरी सिस्टर त्या जागी उभी केली असती, तर आजोबा पडले नसते का? उत्तर ‘तरीही पडले असते’ असं येत असेल, तर दोष त्या मुलीत शोधून काही हाती लागणार नाही. पुढच्या नाइटला दुसरी मुलगी आणि दुसरे आजोबा असतील. उलट ती दोन तास खुर्चीत झोपली होती किंवा बेल वाजूनही उठली नाही असं निघालं, तर तेही त्याच पानावर यायला हवं. तिची बाजू घेण्यासाठी हे निवेदन नाही, म्हणूनच ते टिकेल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूला आग लागून ११ रुग्ण गेले, तेव्हा अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. आगीपासून बचावाची यंत्रणा उभी करणं हे परिचारिकेचं काम आहे का, असं विचारत त्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवरचं नाव सगळ्यात आधी लिहिलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्या ‘१२ लागतात, १३ आहेत’ या हिशेबाकडे येते. तुमचं पत्र वाचताना असं वाटलं की हा हिशेब चुकीचा आहे हे तुम्हाला आतून कळतंय, पण मांडता येत नाहीये. तो असा मांडा.

पाळीला चार, दिवसाला १२ ड्यूट्या. वर्षाला १२ गुणिले ३६५, म्हणजे ४,३८० ड्यूट्या. एक सिस्टर वर्षात किती ड्यूट्या करते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २१ हक्काच्या रजा, १० आजारपण आणि किरकोळ, ८ सणासुदीच्या, ४ दिवस ट्रेनिंगचे वजा करा. उरतात २७०. तुमच्याकडच्या रजा वेगळ्या असतील तर तो आकडा घाला. नाइटनंतर जादा ऑफ देत असाल तर २७० सुद्धा भरणार नाहीत. ४,३८० ला २७० ने भागलं की १६.२ येतात, म्हणजे १७ सिस्टर. त्यात दोघी वर्षभरात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तर कायद्याप्रमाणे प्रत्येकी २६ आठवडे, म्हणजे मिळून एका सिस्टरचं अख्खं वर्ष. झाल्या १८. विशी-तिशीतल्या मुलींच्या जिवावर चालणाऱ्या खात्यात बाळंतपण हा ‘अचानक उद्भवलेला प्रश्न’ कसा असू शकतो, हे एकदा ट्रस्टींना विचारायला हवं.

हाच हिशेब उलटा करा. १३ सिस्टर गुणिले २७०, म्हणजे ३,५१० ड्यूट्या. दिवसाला साडेनऊच्या आसपास. सकाळी चार, दुपारी तीन, आणि नाइटला उरतात दोन, कधी तीन. ‘नाइटला दोघीच का?’ याचं उत्तर कुणाच्या आळसात किंवा तुमच्या नियोजनात नाही, ते या भागाकारात आहे. व्यवस्थापनाचा १२ हा आकडा एका दिवसाचा आहे, आणि त्या दिवशी कुणालाच सुट्टी नाही असं धरलेला. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या निकषात रजेसाठी ३० टक्के जादा पदं धरलेली आहेत ती याचसाठी. त्याच निकषात सर्वसाधारण वॉर्डासाठी पाच पेशंटमागे एक, आणि शिक्षण देणाऱ्या (टीचिंग) रुग्णालयात तीनमागे एक आहे. सहामागे एक हे प्रमाण मुळातच सैल आहे.

अजून एक. २४ पेशंट हा आकडा बहुधा मध्यरात्रीच्या गणतीचा असेल. दिवसभरात आठ डिस्चार्ज आणि नऊ ॲडमिशन झाल्या तर वॉर्डाने ३२-३३ माणसांचं काम केलेलं असतं, आणि ॲडमिशनचं काम साध्या पेशंटच्या कितीतरी पट असतं. गणतीच्या वहीत ते दिसत नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘मी कसंबसं ॲडजस्ट करते, एकही पाळी रिकामी जाऊ देत नाही.’ कुणाला डबल ड्यूटी लावून, कुणाचा ऑफ रद्द करून, प्रसंगी स्वतः उभं राहून. हे कौतुकाचंच आहे. पण यामुळे वर काय पोचतं? पाळी भरली, एवढंच. तुमचं ॲडजस्ट करणं कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून ट्रस्टींच्या लेखी टंचाई नाहीच. त्यांना खोटं बोलायची गरजही पडत नाही, तुमची हजेरी-वहीच त्यांच्या बाजूने साक्ष देते.

म्हणून आजपासून प्रत्येक पाळीला एक ओळ लिहायला लावा. पाळी सुरू होताना पेशंट किती, पाळीत आले किती, गेले किती, सिस्टर ठरलेल्या किती आणि आलेल्या किती, त्यातल्या डबलवर किती. आणि शेवटच्या रकान्यात: काय राहून गेलं. हा रकाना सगळ्यात मोलाचा. दोन तासांनी कूस बदलायची राहिली, सहाचं बीपी राहिलं, डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून सांगायच्या राहिल्या. सुरुवातीला सगळ्या ‘काही नाही’ लिहितील, कारण राहिलं म्हटलं की ओरडा बसतो असा आजवरचा अनुभव. पहिले काही दिवस ओव्हरच्या, म्हणजे पाळी सोपवण्याच्या वेळी स्वतः हजर राहून विचारा, आणि कुणी खरं लिहिलं तर त्यावर चकार शब्द काढू नका. चार आठवड्यांत तुमच्याकडे एका वॉर्डाच्याच ८४ ओळी होतील. त्या ओळींपुढे ‘एक जास्तच आहे’ हे वाक्य टिकणार नाही.

हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘माणसं नाहीत, मग क्वालिटी कशी करू’ यात एक गृहीत धरलंय, की माणसं हा एक प्रश्न आणि क्वालिटी हे वेगळं, फाइलींचं काम. ते तसं सल्लागारांनी करून ठेवलंय. ड्यूटी लिस्ट हाच तुमच्या क्वालिटीचा पहिला कागद आहे.

मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं भरण्याबद्दल फार विचार करू नका, भरू नका. नीतीचा मुद्दा आहेच, पण साधा व्यवहारही आहे. तपासणीला येणारा असेसर एक पेशंट निवडतो आणि त्याचा माग काढतो: केस पेपर, औषधाचा चार्ट, त्या दिवसाची ड्यूटी लिस्ट, बायोमेट्रिक हजेरी, मग वॉर्डात जाऊन सिस्टरशी बोलणं. रजेवर असलेल्या मुलीची सही, सहा महिने एकाच पेनाची एकच शाई, औषधांच्या फ्रिजचं तापमान रोज बरोबर ४ अंश, मध्ये लाइट गेली त्या दिवशीसुद्धा. पाहणाऱ्याला दोन पानांत कळतं. आणि उद्या आजोबांचा मुलगा ग्राहक आयोगात गेला, तर हेच कागद मागवले जातील. तुमच्या घरातली गंमत बघा: एका फाइलीत ‘घटना शून्य’ आणि दुसऱ्या फाइलीत त्याच काळातल्या घटनेसाठी निलंबन. दोन्हीवर तुमची सही मागतायत.

दहा आठवड्यांची खरी नोंद सहा महिन्यांच्या बनावट नोंदीपेक्षा कधीही बरी. तेवढ्याने भागत नसेल, तर तपासणी पुढे ढकलणं किंवा आधी एंट्री लेव्हलचं, म्हणजे पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र घेणं हे मार्ग आहेत. त्यात कमीपणा नाही.

शून्याबद्दल ट्रस्टींना आधीच सांगून ठेवा. १२० खाटांत रोज सरासरी ९० पेशंट धरले तर महिन्याचे २,७०० पेशंट-दिवस होतात. चार जण पडले तर हजार पेशंट-दिवसांमागे दीड. नोंदी खऱ्या होऊ लागल्या की हा आकडा पहिले दोन-तीन महिने वर जाणार, कारण आधी पडणारे लिहिलेच जात नव्हते. हे त्यांना नंतर कळलं तर ‘मेट्रनने क्वालिटी हाती घेतली आणि पडणं वाढलं’ असा अर्थ निघेल.

आता आहे त्या माणसांत काय होऊ शकतं ते. सगळंच काही १८ सिस्टर येईपर्यंत थांबायला नको.

आजोबांसारखे पेशंट कधी पडतात? रात्री, संडासला उठताना, कुणाला न बोलावता. ‘सिस्टर कामात आहेत, कशाला त्रास’ म्हणून. मग रात्री दहाला आणि पहाटे पाचच्या आधी, मागायची वाट न पाहता, धोक्यातल्या पाच-सहा जणांना विचारून संडासला नेऊन आणायचं. त्यांच्या खाटा नर्सिंग स्टेशनजवळ घ्यायच्या. फुरोसेमाइडसारखं लघवीचं औषध संध्याकाळी सहाला किंवा आठला लिहिलेलं असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरा डोस दुपारी चारच्या आत आणता येतो का बघा. रात्रीच्या निम्म्या फेऱ्या तिथेच वाचतील. पलंग खाली, बेल उशाशी, पायात घट्ट बसणारी चप्पल, संडासापर्यंतचा एक दिवा रात्रभर चालू. आणि कठडे वर करून निर्धास्त होऊ नका: गोंधळलेला म्हातारा माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो आणि जास्त उंचावरून पडतो.

इन्सुलिनचंही असंच. आपल्याकडे मिलीलिटरला ४० युनिटची व्हायल आणि १०० युनिटची, दोन्ही चालतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. वॉर्डात दोन्ही पडलेल्या असतील तर घाईत चूक होणारच. १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला ५० युनिट जातात. उलटी अदलाबदल झाली तर २० ऐवजी फक्त ८. ‘सिस्टरांनी लक्ष द्यावं’ अशी नोटीस लावण्यापेक्षा फार्मसीशी बोलून वॉर्डासाठी एकच ताकद आणि एकच सिरिंज ठेवा. पेशंटचे नातेवाईक घरून आणतात ती व्हायल नीट तपासल्याशिवाय वापरायची नाही. पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्युल साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीतून उचलून फार्मसीत किंवा आयसीयूत कुलपात. या बदलांना एकही माणूस जास्त लागत नाही.

आणि तीन दिवस फक्त हे बघा की सिस्टर नर्सिंग सोडून काय काय करतात. फार्मसीतून औषधं आणणं, चादरी मोजणं, सॅम्पल लॅबला पोचवणं, बिलिंगला फाइल नेणं, महात्मा फुले योजनेचे फोटो आणि कागद जमवणं. वॉर्डासाठी एक क्लार्क आणि एक धावपळीचा माणूस मिळाला तर सिस्टरचे बरेच तास मोकळे होतात, आणि ट्रस्टी ही मागणी लवकर मान्य करतात. फक्त एक धोका आहे: क्लार्क मिळाला म्हणून सिस्टरची पदं कमी केली, तर नाइटला आहे तीच दशा राहील. क्लार्क दिवसा असतो.

ट्रस्टींच्या बैठकीत ‘पाच सिस्टर द्या’ एवढीच मागणी नेऊ नका. ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. तीन पर्याय त्यांच्याच हातात द्या. पहिला, १८ पर्यंत टप्प्याटप्प्याने भरती. दुसरा, माणसं येईपर्यंत वॉर्डात १८ च्या वर पेशंट घ्यायचे नाहीत. मग दिवसाला नऊ ड्यूट्या लागतात आणि तुमच्या १३ जणींत प्रत्येक पाळीला तिघी मिळतात. तिसरा, सगळ्या वॉर्डांत मिळून तीन-चार फिरत्या सिस्टर, ज्या सकाळी आकडे बघून नेमायच्या. यातला एकही नको असेल तर ‘नाइटला १२ पेशंटमागे एक सिस्टर आम्हाला मान्य आहे’ असं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. हे वाक्य लिहायची वेळ आली की बरेचदा पैसे सापडतात. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. उत्पन्न बुडतं म्हणून विरोध होईल, पण भरतीला वेग त्यानेच येतो.

व्हिजिटिंग सर्जन ठरावीक दिवशी येत असतील तर त्या रात्री सर्जिकल वॉर्डात जास्त, बाकी दिवशी कमी, अशी ड्यूटी लिस्ट लावा. आठवडाभर सारख्याच सिस्टर ही सोय लिस्ट बनवणाऱ्याची आहे, पेशंटची नाही.

ट्रस्टींत डॉक्टर असतील तर त्यांना हेही दाखवा: नर्सिंग संशोधक लिंडा एकन यांच्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, प्रत्येक सिस्टरमागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही तेवढीच. आपली रुग्णालयं वेगळी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, पण दिशा तीच.

भरती करूनही मुली टिकत नसतील तर पगाराकडे बघावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली: १०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या पगारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावा. ती शिफारस आहे, पण बैठकीत ठेवायला पुरेशी आहे. बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने मुली राहत नाहीत, येतच नाहीत. आणि नोंदणी नसलेल्या, वॉर्डातच शिकून तयार झालेल्या मुलींना सिस्टर म्हणून मोजत असाल, तर १३ हा आकडाही पुन्हा मोजा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी असेल तीच सिस्टर.

राहिला राजीनामा. आज दिलात तर निलंबित मुलीच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी उरणार नाही, आणि त्या अहवालावर नव्या मेट्रनची सही पहिल्याच आठवड्यात होईल. तीन महिने द्या. त्या काळात निवेदन, पाळीच्या ओळी आणि बैठकीतला प्रस्ताव, सगळं लेखी आणि आवक क्रमांकासह द्या. तुमच्या पत्रांच्या पोचप्रती घरी ठेवा. पेशंटच्या केस पेपरचे फोटो मात्र मोबाइलमध्ये ठेवू नका, ते तुमच्याच अंगाशी येईल. या काळात मागच्या तारखांच्या सह्यांसाठी दबाव आला, किंवा आकडे बघूनही काही हललं नाही, तर जा. नोटिशीचा काळ पूर्ण करा, चार्ज लेखी द्या, त्या दिवशीची रिक्त पदांची संख्या त्यात लिहा.

त्या मुलीला मात्र या आठवड्यातच भेटा. चौकशीत तिचं म्हणणं लेखी द्यायला सांगा, आणि ते तिने स्वतः, आठवेल तसं, वेळांसकट लिहावं. तुम्ही सांगून लिहवू नका.